कुल आणि बिऱ्हाड : कुलवृत्तांतांच्या लेखनपद्धतीविषयी काही विचार

१

मराठीतील कुलवृत्तांत हा ग्रंथप्रकार ग्रंथालयांच्या कपाटांतून मानाने बसलेला असतो. समीक्षेच्या दालनात मात्र त्याला सहसा कोणी बोलावीत नाही. इतिहाससंशोधक त्याच्याकडे साधन म्हणून पाहतात, समाजशास्त्राचे अभ्यासक विवाहसंबंधांची कोष्टके काढण्यासाठी त्याची पाने चाळतात, आणि त्या त्या घराण्यातील मंडळी आपले नाव बरोबर छापले आहे एवढी खात्री करून घेऊन ग्रंथ मिटतात. परंतु कुलवृत्तांत हेही एक लेखन आहे. त्याला स्वतःची भाषा आहे, ठरलेली रचना आहे, आणि काय सांगावे व काय सांगू नये याविषयीचे अलिखित नियमही आहेत. या नियमांचा विचार व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या प्रकाराचे श्रेय त्याच्या पदरात घातले पाहिजे. कोणत्याही संस्थेच्या वेतनावर नसलेल्या, बहुधा सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थांनी गावोगावी पत्रे पाठवून, छापील प्रश्नावल्या भरून घेऊन, देवघरातील जुनी बाडे उलगडून हे ग्रंथ सिद्ध केले. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, त्यानंतर गावपरत्वे निरनिराळी घराणी, प्रत्येक घराण्याची वंशावळ, वंशावळीतील प्रत्येक पुरुषाचा क्रमांक आणि त्या क्रमांकाखाली त्याचा अल्प परिचय, अशी या ग्रंथांची साधारण मांडणी असते. विवाहित स्त्रीच्या माहेरचे नाव आणि तिच्या पित्याचे गाव नोंदविण्याची प्रथा तर विशेष उपयोगाची आहे. कारण तिच्या आधारे एका कुलाच्या ग्रंथातून दुसऱ्या कुलाच्या ग्रंथात जाण्याची वाट सापडते. शासकीय कागदपत्रांत जी माहिती कधीच आली नसती, तिचा मोठा साठा या ग्रंथांनी जतन केला आहे, हे निर्विवाद होय.

तथापि ज्या ग्रंथाचा उपयोग अनेक जण करतात त्याच्या दोषांचाही प्रसार दूरवर होतो. म्हणून गुणांच्या कबुलीनंतर दोषांचा विचार करणे प्राप्त आहे.

२

कोणत्याही कुलवृत्तांतातील व्यक्तिपरिचयाचे एक पान घ्यावे. त्यात ‘मूळ राहणार’ आणि ‘हल्ली मुक्काम’ हे दोन शब्दप्रयोग हटकून आढळतात. जुन्या अर्जांतून, दस्तऐवजांतून आणि लग्नपत्रिकांतून चालत आलेली ही जोडी इतकी परिचयाची आहे की तिचे व्याकरण आपल्या ध्यानात येत नाही. ‘राहणार’ हे रूप मराठीत भविष्याचे वा नित्य व्यवहाराचे आहे. जो राहतो किंवा पुढे राहील तो राहणार. असे असता, ज्या गावी चार पिढ्यांत कोणी राहिले नाही आणि बहुधा पुढेही राहणार नाही, त्या गावासाठी हे रूप योजलेले असते. उलट ‘मुक्काम’ हा अरबीतून आलेला शब्द प्रवासातील थांब्याचा आहे. मराठीच्या रूढ वापरात तरी जो मुक्काम करतो तो उद्या उठून जाणारा असतो. ज्या घरात आजोबांचा देह पडला, वडिलांचे लग्न झाले आणि मुलांची बारशी झाली, ते घर मात्र ‘हल्ली मुक्काम’!

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. ग्रंथाची रचनाच या व्याकरणावर उभी आहे. मूळ गावच्या वर्णनास अनेक पृष्ठे मिळतात: ग्रामदैवत, उत्सवातील मान, खोताचे वतन असल्यास त्याची हकीकत, वाड्याचे जोते कोठे दिसते याची खूण. मग त्या गावाहून निघालेल्या शाखेचा पुरुष मुंबईस आला, एवढे एक वाक्य येते. आणि पुढच्या शंभर वर्षांच्या वास्तव्यास ‘शिवाजी पार्क, दादर, मुंबई २८’ एवढाच पत्ता पुरेसा होतो. गाव हा इतिहासाचा विषय आणि शहर हा टपालाचा, अशी ही वाटणी आहे.

कुलाची कल्पना रक्ताच्या आणि पुरुषपरंपरेच्या धाग्याने विणलेली आहे. शहरातील जीवन मात्र या धाग्याने बांधलेले नसते. शहरातील जीवनाचा घटक कोणता, असे विचारल्यास मराठीत त्याला एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे बिऱ्हाड. बिढार हे त्याचेच दुसरे रूप. व्युत्पत्तिकार त्याचा संबंध कानडीतील ‘बिडार’ या शब्दाशी जोडतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, या म्हणीत त्याची अस्थिरता सांगितली आहे. परंतु मुंबईने या शब्दाला निराळा स्थिर अर्थ दिला. एका छताखाली एका चुलीवर जेवणारी माणसे, मग ती एका वंशाची असोत वा नसोत, म्हणजे बिऱ्हाड. त्यात घरचा कर्ता असे, त्याची विधवा बहीण असे, शिकायला आलेला पुतण्या असे, नोकरीच्या शोधात आलेला गावचा मुलगा असे. कुल हे वंशाचे, बिऱ्हाड हे वास्तव्याचे. कुलवृत्तांत पहिल्याचा हिशेब ठेवतो आणि दुसऱ्याची नोंदच करीत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

३

वंशावळीच्या भाषेतील आणखी एक शब्द पाहू. ज्या पुरुषास पुत्र नाही त्याच्या नावाखाली रेघ थांबते आणि तेथे ‘निर्वंश’ असे लिहिलेले असते. कन्या असल्या तरी हा शब्द बदलत नाही.

प्रस्तुत लेखकास या शब्दाचा अर्थ एका घरगुती प्रसंगाने कळला. आईच्या आजोळच्या कुलाचा एक जुना वृत्तांत हाती आला असता, तिच्या आजोबांच्या नावाखाली हाच शब्द छापलेला दिसला. या गृहस्थांनी १९३० नंतरच्या दशकात शिवाजी पार्कनजीक दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटले होते. त्यांना दोन कन्या. धाकटी म्हणजे लेखकाची आजी. ती लग्न होऊन परगावी गेली. थोरली तरुणपणी विधवा होऊन पित्याच्या घरी परतली आणि अखेरपर्यंत तेथेच राहिली. पित्याच्या पश्चात भाडेपावती तिच्या नावे झाली. धाकट्या बहिणीची दोन मुले तिने त्या खोल्यांत ठेवून शिकविली. गावाकडून परीक्षेस येणाऱ्या मुलांसाठी त्या घराचे दार उघडे असे. घराण्याच्या ग्रंथात ती एका ओळीत आहे: पित्याच्या परिचयात ‘दोन कन्या’ या शब्दांत. त्या निर्वंश पुरुषाचा पणतू हे टिपण लिहीत आहे.

येथे ग्रंथकर्त्यास दोष देण्याचा हेतू नाही. त्याने आपल्या पद्धतीचे नियम प्रामाणिकपणे पाळले. प्रश्न असा आहे की, त्याच बाईविषयी एक सामान्य भाडेपावती जे सांगते ते कुलवृत्तांत का सांगू शकत नाही? याचे उत्तर दोन नोंदींच्या हेतूंत आहे. मुंबईतील १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्युसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील व्यक्तीकडे भाडेकरूचा हक्क जाऊ शके. म्हणजे कायद्याने विचारले ते, ‘त्या वेळी घरात कोण राहत होते?’ कुलवृत्तांत विचारतो ते, ‘मुलगा कोण?’ पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात विधवा कन्या येऊ शकते. दुसऱ्याच्या उत्तरात तिला जागा नाही. एकाच घराविषयीच्या दोन कागदांत एक घर संपलेले आहे आणि दुसऱ्यात ते नांदते आहे. इतिहास लिहिणाऱ्याने यांपैकी कोणता कागद खरा मानावा? दोन्ही खरे आहेत. परंतु एकट्याने दोन्ही अपुरे आहेत.

अलीकडच्या काही कुलवृत्तांतांनी कन्यांच्या संततीचीही नोंद करण्यास आरंभ केला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही केवळ नावांची भर घालून मूळ दोष जात नाही. कन्येची नोंद झाली तरी ती वंशाचा फाटा म्हणूनच होते. तिने चालविलेले घर अलिखितच राहते.

४

कौटुंबिक कागदाचे महत्त्व किती असू शकते, याचे उदाहरण शोधण्यासाठी शिवाजी पार्कहून दूर जाण्याची आवश्यकता नाही. त्या मैदानाच्या नावातच ते दडलेले आहे.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ उसळली. तिच्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दाट वस्तीबाहेर, दादर-माटुंग्याच्या बाजूस, आखीव रस्त्यांच्या नव्या वसाहती उभ्या करण्याचे काम हाती घेण्यात आले. या विस्ताराच्या काळात माहीम-दादरच्या पश्चिम अंगास सुमारे २८ एकरांचे मैदान राखले गेले. महापालिकेने ते १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ या नावाने लोकांस खुले केले. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. निमित्त होते शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचे. म्हणजे जन्मवर्ष १६२७, शके १५४९, असे त्यात गृहीत धरले होते.

परंतु या नामकरणाच्या अकरा वर्षे आधीच या गृहीतास धक्का बसला होता. भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरात जतन झालेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी दिलेली आहे. पुढे परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य स. म. दिवेकर यांच्या संपादनाने १९२७ मध्येच, म्हणजे पार्काच्या नामकरणाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. त्यातही हीच तिथी मिळाली. विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत म्हणून स्वीकारली. याचा अर्थ असा की, मैदानाचे नाव ज्या वर्षगणनेवरून पडले ती गणना एका घराण्याच्या कागदाने बदलली.

या उदाहरणातून पद्धतीचे दोन धडे मिळतात. पहिला असा की, जेध्यांची शकावली विश्वसनीय ठरली ती घराण्याची थोरवी गाणारी म्हणून नव्हे. ती मिती आणि घटना यांची कोरडी टाचणे आहेत. ज्याने ती लिहिली त्यास पुढील शतकांतील वाद ठाऊक नव्हता. जो कागद आपल्या नित्य कामासाठी लिहिला जातो तो बहुधा अधिक खरे बोलतो. दुसरा धडा असा की, एकट्या शकावलीने निर्णय झाला नाही. तिच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या ग्रंथाने तीच तिथी दिली तेव्हा तिचे वजन वाढले. आपल्या कुलवृत्तांतांत या दोन्ही कसोट्या क्वचितच लावलेल्या असतात. परशुरामाची कथा, मग एकदम अठराव्या शतकातील मूळपुरुष, मग छापील प्रश्नावलीतील मजकूर, असे तीन निरनिराळ्या प्रतीचे पुरावे एकाच टाइपात, एकाच निश्चयाच्या सुरात छापले जातात. कोणते विधान सनदेवरून आले, कोणते वृद्धांच्या स्मृतीवरून आणि कोणते केवळ परंपरेने, हे वाचकास कळण्याची सोय नसते. वि. का. राजवाडे यांनी घरोघरी हिंडून दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत ती छापावयास आरंभ केला. त्यांचे अनेक निष्कर्ष आज मान्य होत नाहीत, परंतु कागद प्रथम आणि कथन नंतर, हा त्यांनी घालून दिलेला क्रम आपण कुलेतिहासात मात्र उलटा केला आहे.

५

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास या ग्रंथांतील आणखी एका सवयीची दखल घेणे भाग आहे. ती म्हणजे आडनावावरून मूळ ठरविण्याची. विशेषतः ‘कर’ हा प्रत्यय असलेल्या आडनावांविषयी ग्रंथकर्त्यास शंकाच उरत नाही: अमुक गाव, म्हणून अमुककर, तेव्हा आमचे मूळ तेच.

शिवाजी पार्कला लागून असलेल्या केळुसकर मार्गाचे उदाहरण घेऊ. शिवचरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या नावाचा हा रस्ता. केळूस हे वेंगुर्ले तालुक्यातील गाव. आता असा विचार करावा की, केळूस गावात राहणाऱ्या माणसास केळुसकर म्हणून वेगळे ओळखता येईल काय? तेथे सारेच केळूसचे. हे नाव उपयोगी पडते ते गाव सोडल्यानंतर, आणि बहुधा ते दुसऱ्यांनी दिलेले असते. वतनाच्या संबंधाने पडलेली काही नावे अपवाद म्हणून वगळता, ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव हे मुळाचा पुरावा नसून प्रस्थानाचा पुरावा आहे. ते कुटुंब कधी काळी त्या गावाहून निघाले एवढेच ते सांगते. त्यापूर्वी ते कोठे होते, त्या गावी किती पिढ्या होते, याविषयी ते मुग्ध असते. एकाच गावाहून निघालेल्या निरनिराळ्या जातींच्या कुटुंबांना एकच आडनाव लाभते, हेही याच कारणाने.

अशा रीतीने ज्या नावात स्थलांतराची हकीकत साठवलेली आहे तेच नाव स्थैर्याचा दाखला म्हणून पुढे केले जाते. खरे पाहता आडनाव हे मराठी माणसाचे पहिले ‘हल्ली मुक्काम’ होय.

६

कुलेतिहास शहराकडे पाहत नाही. तर मग स्थलेतिहास तरी कुटुंबांकडे पाहतो काय? येथेही चित्र फारसे समाधानकारक नाही.

प्राचीन उदाहरण म्हणून ‘महिकावतीची बखर’ पाहावी. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या सहा प्रकरणांचा हा संग्रह आहे. उत्तर कोकणातील राजसत्तांच्या हकीकतीबरोबर तेथे येऊन वसलेल्या कुळांच्या याद्याही त्यात येतात. स्थळ आणि कुळ यांना एकत्र आणणारा हा जुना मराठी ग्रंथ. केळवे-माहीम आणि मुंबईचे माहीम अशी दोन माहिमे असल्याने त्याचा उपयोग करणाऱ्याने पावलोपावली सावध राहावे लागते. शिवाय त्यातील याद्यांमागे कुळांचा मान ठरविण्याचा हेतू उघड दिसतो. तरीही ‘या भूमीवर कोण कोण राहिले’ असा प्रश्न त्या लेखकांना पडला, हे महत्त्वाचे. त्यानंतर गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथाने शहरातील जातीजमाती, धंदे, देवळे, बाजार यांची जिवंत पाहणी केली. पुढच्या स्थलवर्णनांत मात्र इमारती व रस्ते वाढत गेले, आणि अलीकडील लेखनात शिवाजी पार्क म्हणजे क्रिकेटपटू, नट, लेखक आणि पुढारी यांची नामावळी एवढेच समीकरण उरले. जो प्रसिद्ध नाही तो त्या परिसरात राहतच नव्हता, असे एखाद्यास वाटावे! मैदान आखले जाण्यापूर्वी माहीम-दादरच्या वाड्यांतून राहणारे कोळी, भंडारी, पाठारे आणि पोर्तुगीज चर्चच्या, म्हणजे १५९६ साली स्थापन झालेल्या धर्मपीठाच्या, परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे तर या कथनातून सर्वस्वी गळतात. वसाहत मोकळ्या जागेवर उभी राहिली, असे आपण सहज लिहून जातो.

हा दोष केवळ आपला नव्हे. अमेरिकेच्या मध्यभागी गवताळ मैदानांची राज्ये आहेत. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्हावार इतिहासग्रंथ काढण्याची लाट आली. अँड्रियस यांचा नेब्रास्का राज्याचा १८८२ मधील प्रचंड इतिहास याच वर्गातला. या प्रकारचे अनेक ग्रंथ वर्गणीदारांच्या बळावर निघत. साहजिकच ज्याची वर्गणी त्याचे चरित्र, असा प्रकार पुष्कळदा घडे. त्यांचा आरंभ ‘पहिल्या वसाहतकारा’पासून होई, त्या भूमीवर आधीपासून असलेले पॉनी, ओमाहा इत्यादी लोक प्रस्तावनेत येऊन तेथेच मागे राहत. आपल्याकडील प्रश्नावलीस उत्तर पाठविणाऱ्यांचा कुलवृत्तांत आणि हे वर्गणीदारांचे इतिहास यांत नाते आहे: जो आपण होऊन पुढे येतो त्याचाच इतिहास लिहिला जातो.

तथापि तेथील पुढच्या संशोधकांनी या ग्रंथांवर विसंबून न राहता दुसरी साधने हाताशी धरली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे. परंतु मालकी सिद्ध करण्यासाठी अर्जदारास तेथे पाच वर्षे प्रत्यक्ष राहून कसल्याचे दाखवावे लागे. घर कसे, कुटुंबात माणसे किती, जमीन किती नांगरली, याविषयी साक्षीदारांचे जबाब होत. ते कागद राष्ट्रीय अभिलेखागारात राहिले. अर्जदारांत विधवा आणि अविवाहित स्त्रियाही होत्या, आणि त्यांच्या घरांची हकीकत याच कागदांतून मिळते. शिवाय तेथील जनगणनेची नावनिशीवार पत्रके ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी गोपनीय ठरविल्या आहेत. त्यामुळे संशोधकास त्या दारी जाता येत नाही. म्हणूनच घरात, सोसायटीच्या कपाटात आणि शाळेच्या दप्तरखान्यात असलेल्या कागदांचे मोल आपल्याकडे कितीतरी अधिक आहे. वास्तव्याचा पुरावा हाच तेथे इतिहासाचा पाया झाला. आपणही तो पाया आपल्या साधनांतून रचू शकतो.

७

ही साधने कोणती? मूळ गावच्या अंगाने पाहता सातबारा आणि फेरफाराच्या नोंदी, तसेच त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या वह्या. या वह्यांत यात्रेकरूने आपल्या पित्या-पितामहांची, बंधूंची, पुत्रांची नावे कित्येकदा स्वहस्ते लिहिलेली असतात. शहराच्या अंगाने पाहता भाडेपावत्या, इमारतीच्या कराराची प्रत, गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची नोंदवही, शिधापत्रिका, महापालिकेतील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर, लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्या. जनरल रजिस्टरात मुलाचे जन्मस्थळ आणि पूर्वीची शाळा यांची नोंद असते. एखादे कुटुंब केव्हा आणि कोठून दादरला आले, हे वंशावळीपेक्षा या दोन रकान्यांतून अधिक नेमके कळते. आहेराच्या वहीत तर सारा शेजारच उतरलेला असतो.

बिऱ्हाड हा घटक मानल्याने आणखी एक लाभ होतो. कुलवृत्तांत हा मुख्यतः लेखनाची आणि वतनाची परंपरा असलेल्या जातींचा प्रकार राहिला. ज्या समाजांना तीर्थक्षेत्रीच्या ओटीवर बसून वहीत नाव लिहविण्याची मुभाच नव्हती, त्यांचा कुलवृत्तांत कोणत्या वहीवरून लिहावा? परंतु नायगावच्या वा वरळीच्या बीडीडी चाळीतील खोली त्यांच्या नावे होती, तिची पावती होती. शिवाजी पार्कपासून फार दूर नसलेल्या लालबाग-परळात कोकणातील गावांच्या गावकरी मंडळांच्या खोल्या होत्या. तेथे एका गावचे गिरणीकामगार पाळीपाळीने झोपत आणि मंडळाच्या वहीत वर्गणी भरीत. ते बिऱ्हाड एका वंशाचे नव्हते, पुष्कळदा एका जातीचेही नसेल. पण मुंबईच्या इतिहासाचा तो एक खरा घटक होता. कुलाचे माप लावल्यास ही माणसे अदृश्य होतात. बिऱ्हाडाचे माप लावल्यास ती आणि पार्कनजीकचे मध्यमवर्गीय कुटुंब एकाच तक्त्यात बसू शकतात. संशोधनाच्या घटकाची निवड ही न्यायाचीही निवड असते, ती अशी.

या मतावर एक आक्षेप संभवतो. बिऱ्हाडाचा इतिहास लिहू गेल्यास तो क्षुल्लक तपशिलांचा ढीग होईल आणि त्यात कोणताही सलग धागा राहणार नाही. कुलवृत्तांतास निदान वंशाचा धागा आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. वंशाचा धागा सोडून द्यावा, असे येथे सुचविलेलेही नाही. वंशावळ हवीच, परंतु तिच्या शेजारी वास्तव्याची एक ओळ असावी, आणि प्रत्येक विधानापुढे ते कागदावरून, प्रत्यक्ष स्मृतीवरून की परंपरेने आले, याची खूण असावी. एका इमारतीतील बिऱ्हाडे घेऊन त्यांची अशी दुहेरी नोंद केली तर सलग धागा आपोआप दिसू लागेल. तो वंशाचा नसून शेजाराचा असेल, इतकेच.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे हे काम ठेवण्यास तातडीचे कारण आहे. पार्कभोवतालच्या १९३०-४० च्या दशकांतील दोन-तीन मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत; नायगाव-वरळीच्या चाळींचेही तेच चालले आहे. घर रिकामे करताना माणसे भांडी नेतात, देव नेतात, छायाचित्रे नेतात. पावत्यांची चळत, आजीच्या हिशेबाच्या वह्या आणि जुन्या लग्नपत्रिका मात्र रद्दीच्या तराजूत जातात. नव्या इमारतीत जागा मिळण्यासाठी जी अखेरची पावती लागते तेवढी जपली जाते, आणि तिच्या आधीच्या साठ वर्षांच्या पावत्या निरुपयोगी ठरतात. जेधे देशमुखांच्या घरी कोणीतरी ते बाड निरुपयोगी समजून टाकून दिले असते, तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

प्रस्तुत लेखकाच्या हाती आईच्या मावशीच्या नावच्या पावत्यांपैकी नऊ उरल्या आहेत. त्यांवर महिना, रक्कम, खोलीचा क्रमांक आणि तिचे संपूर्ण नाव आहे. त्या कुलाच्या वृत्तांताची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा ‘निर्वंश’ हा शब्द बदलावा, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. त्या पद्धतीच्या नियमाने तो बरोबरच आहे. त्याच्यापुढे एवढेच लिहावे: ‘घर कन्येने चालविले, पाहा, भाडेपावत्या.’